कस्टर्डला अजूनही पिंजराच का हवाय?

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात, म्हणजे 'फर्स्ट फ्लाइट'मध्ये, ऑग्डेन नॅशची 'द टेल ऑफ कस्टर्ड द ड्रॅगन' ही कविता आहे. यूट्यूबवर तिचं नाव टाकून बघा. व्हिडिओंची ही मोठी रांग लागते. कुणी फळ्यावर, कुणी टॅबवर, कुणी गाण्याच्या चालीवर ती समजावून सांगतं. त्यातले सात-आठ मी सलग बघितले आणि ते सगळे एकाच वाक्यावर येऊन थांबतात: दिसण्यावरून, बोलण्यावरून कुणाला जोखू नका, खरा शूर कोण ते वेळ आल्यावर कळतं. मराठीत तर आपल्याकडे त्यासाठी तयार म्हणच आहे. गर्जेल तो पडेल काय! म्हण लिहिली, दोन मार्क मिळाले, पुढची कविता काढा.

मला हे तात्पर्य चुकीचं वाटत नाही, अर्धवट वाटतं. ते कवितेच्या मधल्या भागाला चपखल बसतं, पण शेवटच्या दोन कडव्यांपाशी आलं की गळून पडतं. आणि नॅशने सगळी मेहनत त्या दोन कडव्यांसाठीच घेतली आहे असं माझं मत आहे.

ज्यांनी स्टेट बोर्डातून दहावी केली आणि ज्यांना ही कविता कधी भेटलीच नाही, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. बेलिंडा नावाची मुलगी एका छोट्या पांढऱ्या घरात राहते. सोबत इंक नावाचं काळं मांजराचं पिल्लू, ब्लिंक नावाचा करडा उंदीर, मस्टर्ड नावाचा पिवळा कुत्रा, एक लाल ढकलगाडी आणि पाळलेला ड्रॅगन. सगळं 'छोटं'. ड्रॅगनसुद्धा छोटा. घरातले सगळे स्वतःला महाशूर समजतात. बेलिंडाचं शौर्य पिंपभर अस्वलांएवढं, मांजर-उंदीर सिंहांना जिन्यावरून पळवून लावणारे, कुत्रा म्हणजे चवताळलेला वाघ. एकटा ड्रॅगन, कस्टर्ड, तेवढा भित्रा. त्याला एक छान सुरक्षित पिंजरा हवा असतो आणि त्यासाठी तो रडतो. सगळे त्याला हसतात, गुदगुल्या करतात, त्याचं वय विचारतात. मग एके दिवशी खिडकीतून समुद्री चाचा आत शिरतो. दोन्ही हातांत पिस्तुलं, दातांत तलवार, एक पाय लाकडाचा. शूर मंडळी जागच्या जागी विरघळतात. कुत्रा केकाटत पळतो, उंदीर बिळात गडप होतो. कस्टर्ड मात्र उडी मारून पुढे येतो आणि चाच्याला गिळून टाकतो, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत. घरभर आनंदीआनंद. आणि मग?

'मग' काय होतं ते नंतर बघू. आधी नावाबद्दल बोलू, कारण या कवितेतला पहिला अन्याय नावापासून सुरू होतो.

मार्गदर्शक पुस्तकांत साधारणपणे असं लिहिलेलं असतं की कस्टर्ड म्हणजे मऊ, थुलथुलीत गोड पदार्थ, म्हणून भित्र्या ड्रॅगनचं नाव कस्टर्ड. खरं तर त्याची मुळं मुलांच्या भांडणात आहेत. इंग्रजी मुलांमध्ये घाबरटाला चिडवायचं एक जुनं यमक आहे, त्यात 'कावर्ड' शब्दाला 'कस्टर्ड' जोडून ठेवलेलं असतं. आपल्याकडे 'भित्री भागूबाई' म्हणतात ना, तेच. म्हणजे बेलिंडाने आपल्या ड्रॅगनचं नाव ठेवलंय भागूबाई. बाकीच्यांची नावं त्यांच्या रंगावरून नाही तर यमकावरून आलेली आहेत. काळ्या मांजराचं नाव शाई, पिवळ्या कुत्र्याचं नाव मोहरी, उंदराला मांजराशी जुळणारं नाव. एकट्या ड्रॅगनचं नाव त्याच्या स्वभावावरून आणि तेही चिडवण्यासाठी. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. बेलिंडाच्या घरात तेवढंही नाही.

आणि एकदा नाव पडलं की ते पुसता येत नाही, हे शाळेत 'बावळट', 'रडूबाई', 'ढब्बू' अशी टोपणनावं घेऊन वावरलेल्या कुणालाही माहीत असतं. दहावीला नव्वद टक्के मिळाले तरी रियुनियनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही ढब्बूच.

आता ड्रॅगनचं वर्णन. त्याचे दात मोठे आणि धारदार, पाठीवर काटे, पोटाखाली खवले, पायांच्या बोटांना सुऱ्यांसारखी नखं. हे झालं कुठल्याही गोष्टीतल्या ड्रॅगनसारखं. पण तोंड आणि नाक? तोंड शेकोटीच्या जागेसारखं आणि नाक धुराड्यासारखं. ही उपमा पहिल्या दोन वाचनांत माझ्या डोळ्यांखालून नुसती सरकून गेली होती. तोंडातून आग, नाकातून धूर, म्हणून हे ठीकच. पण अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या छोट्या पांढऱ्या घरात शेकोटी आणि धुराडं कुठे असतं? घराच्या मधोमध. आपल्याकडे चूल असते तसं. ज्याला घरातले सगळे मिळून हसतात, त्याचं शरीर घराच्या सामानातून बनवलंय. नॅशने हे मुद्दाम केलं का, मला सांगता येणार नाही. यमकाच्या सोयीनेही झालं असेल. पण आता ते दिसल्यावर न बघणं शक्य नाही. बाहेरून चोर शिरतो तेव्हा घरातली चूलच त्याच्या अंगावर जाते.

मग पिंजऱ्याचा विचार करा. ड्रॅगनला पिंजऱ्यात कोण घालतं? त्याला भिणारी माणसं. पिंजरा हा इतरांच्या सुरक्षिततेसाठी असतो. इथे ड्रॅगन स्वतःच्या सुरक्षिततेसाठी पिंजरा मागतोय. लहान मुलांना हे ऐकून हसू येतं ते या उलट्या चित्रामुळे. पण त्याच्या मागणीत एक गोष्ट सरळ आहे: त्या घरात 'मला भीती वाटते' असं उघडपणे म्हणणारा तो एकटाच आहे. बाकीच्यांनाही भीती वाटते, हे चाचा आल्यावर अर्ध्या मिनिटात सिद्ध होतं. फरक एवढाच की त्याने ते आधी सांगून ठेवलं होतं.

चाच्याबद्दल या कवितेच्या चर्चेत फारसं कुणी बोलत नाही, कारण तो दिसायला अगदी साचेबंद आहे. लाकडी पाय, दाढी, तलवार, म्हणजे नाटकाच्या भाड्याच्या पेटीतून काढलेला चाचा. मला मात्र तो कवितेतला सगळ्यात शहाणा प्राणी वाटतो. ड्रॅगन समोर आल्यावर तो आ वासून बघतो, खिशातली बाटली काढून दारूचा घोट घेतो, मग दोन गोळ्या झाडतो आणि दोन्ही चुकतात. म्हणजे तो घाबरलाय. धीर यावा म्हणून पितोय, हात थरथरतायत. त्याला कस्टर्ड हे नाव माहीत नाही. गुदगुल्या, हसणं, पिंजऱ्याचं रडगाणं यातलं काहीच त्याने बघितलेलं नाही. त्याला समोर दिसतो तो दात, काटे, खवले, सुऱ्यांसारखी नखं असलेला ड्रॅगन. जो जसा आहे तसा. कस्टर्डला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ड्रॅगन म्हणून बघितलं आणि तो निघाला शत्रू. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्याचं याहून चोख उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

कस्टर्डच्या हल्ल्याच्या उपमाही बघण्यासारख्या आहेत. आधी मोठमोठे आवाज आहेत, इंजिनाचा फुत्कार, अंधारकोठडीतल्या लोखंडी साखळ्यांचा खणखणाट. आणि मग एकदम एक छोटा पक्षी किड्यावर झडप घालतो तशी झडप. वाघ, सिंह, अस्वल या सगळ्या उपमा नॅशने आधीच बढाईखोरांना वाटून टाकल्या आहेत. प्रत्यक्ष शौर्याच्या क्षणी त्याच्याकडे उरतो एक चिमुकला पक्षी, त्याचा रोजचा नाश्ता टिपणारा. फुशारकीला मोठी जनावरं लागतात. ज्याला काम करायचंय त्याला चोच पुरते.

आता ते 'मग'.

चाचा संपतो. बेलिंडा कस्टर्डला मिठी मारते, कुत्रा त्याला चाटतो, मांजर आणि उंदीर त्याच्याभोवती फेर धरतात. गोष्ट इथे संपली असती तर यूट्यूबवरचं तात्पर्य शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. पण थोड्याच वेळात मस्टर्ड तोंड उघडतो. तो म्हणतो, मी जरा गडबडून गेलो म्हणून, नाहीतर याच्या दुप्पट शौर्य दाखवलं असतं. इंक आणि ब्लिंक म्हणतात, आम्ही तिप्पट. आणि कस्टर्ड काय म्हणतो? तो म्हणतो, अगदी बरोबर, तुम्ही सगळे माझ्यापेक्षा शूरच आहात.

हे वाचून मला हसू येतं आणि लगेच थोडं कसंतरी होतं. आयटीत काम करणाऱ्यांना हा प्रसंग वेगळा सांगायला नको. रात्री दोन वाजता सर्व्हर बसतो. ज्या मुलीने महिनाभर आधी 'मला या बदलाची भीती वाटते, आणखी एकदा टेस्ट करू या' म्हटलं होतं आणि सगळ्यांनी तिला 'किती टेन्शन घेतेस' म्हणून हसण्यावारी नेलं होतं, तीच तीन तास बसून तो उभा करते. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे टाळ्या वाजवतात. दुपारपर्यंत दोघेजण सांगायला लागतात की आम्ही लॉगिन करणारच होतो, व्हीपीएन चाललं नाही. कुठल्याही कंपनीत जा, हे दिसेल. मस्टर्डचा 'गडबडून गेलो' आणि आमचं 'व्हीपीएन' यांत फक्त तंत्रज्ञानाचा फरक आहे.

पण कस्टर्ड 'बरोबर आहे' असं का म्हणतो? तीन उत्तरं शक्य आहेत. एक, तो टोमणा मारतोय. दोन, तो सभ्य आहे, घरात भांडण नको म्हणून सोडून देतो. तीन, त्याला खरंच तसं वाटतं. पहिलं उत्तर आपल्याला आवडतं, कारण त्यात कस्टर्ड जिंकतो. पण अख्ख्या कवितेत त्याने एकदाही तिरकस काही बोललेलं नाही, मग शेवटीच एकदम त्याला ही हुशारी कुठून येणार? दुसरं उत्तर आईवडिलांना आवडेल. मला तिसरंच खरं वाटतं. कस्टर्डला चाच्याला गिळतानाही भीती वाटत होती. नंतरही वाटतेय. मग तो स्वतःला शूर कसा म्हणवून घेईल? त्याच्या शब्दकोशात शूर म्हणजे ज्याला भीती वाटत नाही तो. हा अर्थ त्याला त्याच घराने शिकवलाय. त्या अर्थाने तो शूर नाहीच, आणि तो खोटं बोलत नाही.

या ठिकाणी मला विराटपर्व आठवतं. आपल्याला घरबसल्या माहीत असलेली हीच गोष्ट आहे, जवळजवळ. कौरव विराटाच्या गाई पळवून नेतात. राजा दुसरीकडे लढायला गेलेला. राजपुत्र उत्तर अंतःपुरात बायकांसमोर बढाया मारतो: चांगला सारथी असता तर एकट्याने सगळ्यांना लोळवलं असतं. नाच शिकवणाऱ्या बृहन्नडेला सारथी करून पाठवतात. जाताना मुली सांगतात, बाहुल्यांसाठी छान कापडं आणा. रणांगण दिसल्यावर उत्तर रथातून उडी टाकून पळतो आणि बृहन्नडा, म्हणजे अज्ञातवासातला अर्जुन, मागे धावत जाऊन त्याला पकडून आणते. मग लढते तीच. इकडे विराट राजा मुलाच्या विजयाचे नगारे वाजवतो. कंक बनलेला युधिष्ठिर म्हणतो, बृहन्नडा सारथी असताना दुसरं काय होणार! विराट चिडून त्याच्या तोंडावर फासे फेकून मारतो, नाकातून रक्त येतं.

रचना तीच आहे. घरात बढाईखोर, चेष्टेचा विषय असलेला एकजण, बाहेरून संकट, अनपेक्षित शौर्य, आणि नंतर श्रेय भलत्याकडे. पण दोन मोठे फरक आहेत. पहिला असा की उत्तर परत आल्यावर सांगतो, हे मी केलं नाही, कुणा देवपुत्राने केलं. मला उत्तराबद्दल आपल्याकडे जरा जास्तच हसलं जातं असं वाटतं. मस्टर्डला एवढंही जमलेलं नाही. दुसरा फरक महत्त्वाचा. बृहन्नडा हे सोंग आहे. आत अर्जुन आहे, जगातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर, आणि काही दिवसांत सोंग उतरणार आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला गोड दिलासा असतो: भित्रा कुणी नव्हताच मुळी, तो वेषांतर केलेला वीर होता. सिनेमात आपण हेच बघत आलोय. साध्याभोळ्या दिसणाऱ्या हिरोने इंटरव्हलनंतर शर्टाच्या बाह्या दुमडल्या की टाळ्या. कस्टर्डला सोंग नाही. त्याच्या आत दुसरा कुणी लपलेला नाही. भिणारा तोच आणि गिळणाराही तोच.

पोवाडा आणि बॅलड हे लांबचे भाऊ. तुळशीदासाने तानाजीवर रचला, अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर. तिथे शाहीर वीराच्या बाजूने उभा असतो, त्याच्या पराक्रमाची साक्ष देतो. एनसीईआरटीचं पुस्तक बरोबर सांगतं की ही कविता बॅलडच्या धाटणीची असली तरी विडंबनाच्या जवळ जाणारी आहे. पण विडंबन नेमकं कशाचं? माझ्या मते शाहिराचं. नॅशचा निवेदक अख्ख्या कवितेत कस्टर्डला एकदाही शूर म्हणत नाही. तो घरातल्या लोकांच्या तोंडच्या गप्पा, त्या जणू वस्तुस्थितीच आहेत अशा थाटात, सांगत राहतो. मांजर सिंहांना पळवतं म्हणे. कधी, कुठे, कुणी बघितलं? निवेदक विचारत नाही. साक्षीदार म्हणून तो पूर्णपणे फितूर आहे, आणि विनोद तिथून येतो. खरी घटना आणि तिची अधिकृत बखर यांच्यामधल्या फटीत वाचणारा उभा असतो.

आणि ती बखर घटनेनंतर बदलत नाही! शेवटची दोन कडवी सुरुवातीच्या कडव्यांची जवळजवळ नक्कल आहेत. तेच घर, तेच प्राणी, तीच ढकलगाडी, तीच अस्वलं आणि तेच सिंह. बदलतं काय, तर व्याकरण. सुरुवातीला सगळं भूतकाळात होतं. बेलिंडा राहत होती, शूर होती. शेवटी तेच वर्तमानकाळात येतं: अजूनही राहते, शूर आहे. म्हणजे चाचा येऊन गेला आणि घराने आपली जुनी कथा टाकून दिली नाही, उलट ती आजची म्हणून पक्की केली. कोडच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन चाललं, आउटपुटही आलं, पण डेटाबेसमध्ये काहीच लिहिलं गेलं नाही. पान रिफ्रेश केलं की जुनीच माहिती.

माझी भाची यंदा दहावीत आहे. तिला कुठल्याशा सराव प्रश्नसंचात प्रश्न होता, कस्टर्डच्या स्वभावात झालेला बदल स्पष्ट करा. तिने मला व्हिडिओ कॉल करून विचारलं, "मामा, तो शेवटीपण पिंजराच मागतोय ना? मग बदल काय लिहू?" मी म्हटलं, हेच लिही. ती म्हणाली, "मार्क जातील." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, मार्क खरंच गेले असते. पण प्रश्न विचारणाऱ्याने शेवटची चार ओळींची तुकडी वाचली होती का, हा माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. भित्र्याचा शूर होणं हा आपल्याला हवा असलेला बदल आहे, म्हणून आपण तो कवितेत घालून घेतो. म्हणजे आपण मस्टर्डच्या उलट्या बाजूने तेच करतो जे तो करतो. घडलेल्यातून आपल्याला सोयीची गोष्ट बनवतो.

'फर्स्ट फ्लाइट'मध्ये या कवितेखाली एक प्रश्न आहे, ही कविता तुम्हाला गंभीर वाटते की हलकीफुलकी? बहुतेक उत्तरपत्रिकांत 'हलकीफुलकी' लिहिलं जातं आणि कारणं म्हणून मजेशीर यमकं दिली जातात. यमकं मजेशीर आहेतच. बेलिंडाशी जुळावं म्हणून नॅश 'विंडो'चं स्पेलिंगच वाकवून टाकतो. शब्द अडला की सुताराने फळी तासावी तसा तो तासायचा, ही त्याची आयुष्यभराची खोड. अर्थात सगळीकडे ते जमतंच असं नाही. चाच्याच्या आगमनाचं कडवं मला ढोबळ वाटतं, आणि बेलिंडा स्वतः तर फारच पुसट आहे. मस्टर्ड बढाई मारतो तेव्हा जिने मिठी मारली तीच मुलगी एक शब्द बोलत नाही. हे नॅशचं दुर्लक्ष की बेलिंडाचं? मी नॅशला संशयाचा फायदा देईन, पण थोडासाच.

नॅश न्यूयॉर्क राज्यातल्या राय गावात १९०२ साली जन्मला. हार्वर्डला एक वर्ष काढून बाहेर पडला. कवी होण्याआधी त्याने रोखे विकून बघितले आणि ट्राममध्ये लावायच्या जाहिरातींचा मजकूर लिहिला. एका ओळीत लोकांना पकडायची कला त्या ट्रामनेच त्याला शिकवली असावी. १९३० पासून तो 'द न्यूयॉर्कर'मध्ये छापून यायला लागला. कस्टर्डची कविता १९३६ च्या 'द बॅड पेरेंट्स गार्डन ऑफ व्हर्स' या संग्रहात आली. स्टीव्हन्सनच्या १८८५ च्या 'अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस' या गोड पुस्तकाच्या नावाला मारलेला हा चिमटा. तेव्हा त्याला लिनेल आणि इझाबेल या दोन लहान मुली होत्या. इझाबेलच्या नावाची त्याची आणखी एक प्रसिद्ध कविता आहे. त्यात इझाबेलसमोर अस्वल येतं, चेटकीण येते, राक्षस येतो, आणि ती कशालाच न घाबरता एकेकाचा निकाल लावते. अस्वलाला तर खाऊनच टाकते.

या दोन कविता शेजारी शेजारी ठेवल्या की कस्टर्डची गंमत जास्त कळते. दोघंही शत्रूला खातात. इझाबेलला भीती नावाची गोष्टच ठाऊक नाही, म्हणून तिची कविता निव्वळ मौज आहे. आपण तिच्यावर खूश होतो आणि पान उलटतो. तिच्यासारखं होता येत नाही. कस्टर्डसारखं मात्र असता येतं, नव्हे, आपल्यातले बहुतेक जण तसेच असतात. स्टेजवर जायच्या आधी पोटात गोळा येणारे, वर्गात हात वर करायला घाबरणारे, रात्री घराची कडी दोनदा बघणारे. आपल्याकडे मुलांना, आणि मुलग्यांना तर जास्तच, 'घाबरायचं नाही' असं सांगून वाढवतात. भीती वाटली तर काय करायचं हे कुणी सांगत नाही, कारण ती वाटूच नये अशी अपेक्षा असते. प्रतापराव गुजरांवरची कुसुमाग्रजांची कविता मला अजूनही अंगावर काटा आणते, पण तिच्यातल्या माणसांना नेसरीकडे जाताना पोटात काय होत होतं ते तिला सांगायचं नाही. तिचं कामच वेगळं आहे. भिणाऱ्यासाठीची कविता वेगळी लागते, आणि तशा कविता कमी आहेत. म्हणून मी त्या प्रश्नाला 'गंभीर' असं उत्तर लिहिलं असतं, यमकांसकट.

ही कविता कुणीतरी मराठीत आणावी असं मला फार वाटतं. मी करून बघितलं, दोन कडव्यांच्या पुढे गेलो नाही. कस्टर्ड आणि मस्टर्ड हे यमकच इतकं बसलेलं आहे की ते मोडावं लागतं. 'भागूबाई' घेतलं तर कुत्र्याचं नाव काय? 'बाघूभाई'? शिवाय ड्रॅगनची बाई झाली की घरातल्या हसण्याला आणखी एक वेगळाच वास येतो, तो नॅशच्या मुळात नाही. चाच्याचं सोपं आहे. ड्रॅगनला परसिव्हल म्हणून चिडवतात तो आर्थर राजाचा सरदार, त्याच्या जागी 'आले तानाजीराव' चालून जाईल.

व्याकरणाच्या बाबतीत मात्र मराठी नॅशच्या मदतीला धावून येते. सुरुवातीचा कस्टर्ड पिंजऱ्यासाठी नुसता रडतो. शेवटचा कस्टर्ड रडत राहतो. इंग्रजीत ती क्रिया त्याने एका जादा शब्दाने लांबवली आहे. आपल्याकडे 'मागायचा' आणि 'मागत असतो' हे दोन वेगळे कस्टर्ड आहेत. पहिल्याने अजून चाचा पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या पोटात चाचा आहे, लाकडी पायासकट, आणि तो कोपऱ्यात बसून तेच म्हणतोय जे कालपर्यंत म्हणत होता. घरातले पुन्हा हसायला लागलेत.

'मागत असतो'वर कडवं संपवता आलं पाहिजे. त्याला यमक शोधतोय.